नेमबाजी स्पर्धेसाठी पिस्तुलाचं कॅलिबर कसं निवडावं

पिस्तूल नेमबाजीत नवा आलेला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, "कुठलं पिस्तूल घेऊ?" त्याच्याही आधी दोन प्रश्न सोडवायला हवेत. मी कुठल्या स्पर्धाप्रकारात उतरणार आहे? आणि महिन्याला किती राउंड झाडणं मला जमणार आहे? ही दोन उत्तरं पक्की झाली की कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप; .२२ सारखे आकडे इंचात) बहुतेक वेळा ठरूनच जातं, आणि कॅलिबर ठरलं की पिस्तुलांची यादी चार-पाच नावांवर येते. आधी पिस्तूल आवडलं, मग त्याचं कॅलिबर कुठल्या स्पर्धेत चालतं ते शोधत बसलो, असं झालं की पैसे आणि परवान्याची खटपट दोन्ही दुप्पट होतात.

खाली क्रम दिला आहे. शक्यतो त्याच क्रमानं जा. लेखात 'राउंड' म्हणजे केस, प्रायमर (पावडर पेटवणारा भाग), पावडर आणि बुलेट मिळून पूर्ण काडतूस, आणि 'बुलेट' म्हणजे नळीतून बाहेर पडणारा भाग.

१. आधी स्पर्धाप्रकार ठरवा

पिस्तुलाच्या स्पर्धांचे ढोबळ तीन गट आहेत.

पहिला गट आयएसएसएफच्या प्रकारांचा. हीच संस्था ऑलिम्पिक नेमबाजीचे नियम ठरवते.

- १० मीटर एअर पिस्टल: ४.५ मिमी, म्हणजे .१७७ पेलेट (हवेच्या दाबानं सुटणारा छोटा छर्रा).
- २५ मीटर पिस्टल (महिला): .२२ लाँग रायफल, म्हणजे .२२ एलआर.
- २५ मीटर रॅपिड फायर (पुरुष): .२२ एलआर. २००४ अखेरपर्यंत इथे .२२ शॉर्ट चालायचं. जुनं रॅपिड फायर पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.
- २५ मीटर स्टँडर्ड पिस्टल: .२२ एलआर.
- ५० मीटर पिस्टल: .२२ एलआर. २०१६ नंतर ऑलिम्पिकमधून वगळलेला प्रकार.
- २५ मीटर सेंटर फायर (प्रायमर केसच्या तळाच्या मध्यात असलेले राउंड): ७.६२ ते ९.६५ मिमी, म्हणजे .३० ते .३८.

सध्याच्या ऑलिम्पिकमधले पिस्तुलाचे सगळे प्रकार .१७७ आणि .२२ या दोनच कॅलिबरवर चालतात. त्या वाटेवर जायचं असेल तर पुढचा निम्मा लेख तुम्हाला फक्त माहितीसाठी आहे.

दुसरा गट अमेरिकन बुल्सआय, म्हणजे एका हातानं खेळली जाणारी प्रिसिजन पिस्टल. तिची पूर्ण मॅच २७०० गुणांची. .२२, सेंटर फायर (.३२ किंवा मोठं) आणि .४५ अशा तीन भागांत प्रत्येकी ९० शॉट असतात. बरेच जण सेंटर फायर आणि .४५ हे दोन्ही भाग एकाच .४५ पिस्तुलानं खेळतात.

तिसरा गट आयपीएससी (आंतरराष्ट्रीय) आणि यूएसपीएसए (अमेरिकन) या संस्थांची प्रॅक्टिकल नेमबाजी. इथे धावत, जागा बदलत, वेळेशी स्पर्धा करत शॉट मारायचे असतात. पिस्तूल किमान ९×१९ मिमीचं लागतं, आणि राउंडमध्ये ठरावीक ताकद असावी लागते.

एकच पिस्तूल तिन्ही गटांत नेता येईल का, असं अनेकदा विचारलं जातं. नाही. ज्या गटात पुढची दोन वर्षं खेळायचं आहे तो आत्ताच निवडा.

२. नियमपुस्तकात कॅलिबरच्या आजूबाजूचे नियमही वाचा

कॅलिबर बरोबर असूनही उपकरण तपासणीत पिस्तूल नापास होऊ शकतं. आयएसएसएफसाठी हे आकडे जवळ ठेवा:

- एअर पिस्टल: वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर दाबायला लागणारं वजन किमान ५०० ग्रॅम, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे.
- २५ मीटरचे प्रकार: वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, पेटी ३०० × १५० × ५० मिमी, नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, दोन साइट्समधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिमी.
- २५ मीटरच्या प्रकारांत मझल ब्रेक, कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारे भाग) किंवा नळीला पाडलेली भोकं चालत नाहीत.
- बुलेट शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. तांब्याचं आवरण असलेली जॅकेटेड बुलेट चालत नाही.

शेवटच्या नियमात बरेच जण फसतात. ९ मिमीचं पिस्तूल मापानं सेंटर फायरच्या मर्यादेत बसतं, पण ९ मिमीचे बाजारात मिळणारे बहुतेक राउंड जॅकेटेड असतात, म्हणजे स्पर्धेसाठी बाद. .४० आणि .४५ तर मापातच बसत नाहीत.

३. रिकॉइलची, म्हणजे धक्क्याची, तुलना एका आकड्यानं करा

प्रॅक्टिकल नेमबाजीत 'पॉवर फॅक्टर' वापरतात. बुलेटचं वजन (ग्रेनमध्ये) गुणिले वेग (फूट प्रति सेकंद), भागिले १०००. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. वेग मीटरमध्ये असेल तर ३.२८ नं गुणा. हा आकडा त्या स्पर्धांसाठी बनला असला तरी हाताला बसणाऱ्या धक्क्याचा अंदाज घ्यायला सगळ्यांनाच उपयोगी पडतो. ढोबळ उदाहरणं:

- .१७७ पेलेट: ७ ग्रेन × ५०० = ३.५
- .२२ एलआर: ४० ग्रेन × १००० = ४०
- .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर (सपाट डोक्याची बुलेट): ९८ ग्रेन × ७७० = ७५
- .३८ स्पेशल वॅडकटर: १४८ ग्रेन × ७२० = १०७
- ९×१९ मिमी: १२४ ग्रेन × १०५० = १३०
- .४५ एसीपी टार्गेट राउंड: २०० ग्रेन × ७७० = १५४

पिस्तूल जड असेल तर तोच धक्का मवाळ लागतो, नळी मुठीच्या जवळ खाली असेल तर नळीचं तोंड कमी उचललं जातं. तरीही .२२ वरून .३२ वर जाताना धक्का जवळपास दुप्पट होतो आणि .३८ वर जाताना अडीच पटींच्या पुढे जातो, हे या यादीतून स्पष्ट दिसतं.

धक्का इतका महत्त्वाचा का? शॉट सुटल्यावर हात वर जातो म्हणून नव्हे; बुलेट तोवर नळीबाहेर पडलेली असते. खरं नुकसान शॉटच्या आधी होतं. मेंदू पुढच्या धक्क्याची वाट पाहू लागतो, ट्रिगर सुटायच्या क्षणी मनगट खाली झुकतं, बोटं मूठ आवळतात. याला फ्लिंच म्हणतात. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे जमायला लागले की समजा फ्लिंच सुरू झाला. एकदा लागलेली ही सवय सुटायला महिने जातात. म्हणून नवख्यानं मोठ्या कॅलिबरनं सुरुवात करू नये, हे मी ठामपणे सांगतो.

४. .१७७ एअर पिस्टल: बहुतेकांची सुरुवात इथूनच व्हावी

धक्का नगण्य, आवाज कमी, राउंडचा खर्च सगळ्यांत कमी, आणि दहा मीटर जागा मिळाली की सराव सुरू. पण प्रकार सोपा नाही. दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिमी असतो, आणि पेलेट नळीतून तुलनेनं सावकाश बाहेर पडत असल्यामुळे शॉट सुटल्यावरही पिस्तूल तसंच धरून ठेवावं लागतं. चुका लपत नाहीत, म्हणून शिकायला यापेक्षा चांगलं साधन नाही.

पेलेट निवडताना डोकं सपाट असलेलं, म्हणजे वॅडकटर, घ्या. ते कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतं. मॅच पेलेट ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा हेड साइजमध्ये मिळतात. तिन्हींचा एकेक डबा आणून आपल्या नळीला कुठलं मानवतं ते पाहा. पिस्तुलासाठी साधारण ७ ग्रेनचे हलके पेलेट वापरतात. जड पेलेटचा फायदा रायफलला जास्त होतो.

जुनं एअर पिस्टल घेताना हवेच्या सिलिंडरवरची उत्पादन तारीख वाचा. बहुतेक कंपन्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत अडवला जाऊ शकतो. पिस्तूल उत्तम आणि दोन्ही सिलिंडर बाद, असा सौदा दिसायला स्वस्त वाटतो इतकंच.

५. .२२ एलआर: पहिलं बंदुकीचं कॅलिबर

आयएसएसएफ असो वा बुल्सआय, .२२ टाळून पुढे जाता येत नाही, आणि टाळूही नये. धक्का हलका, राउंड सर्वत्र मिळणारे, अचूकता भरपूर. रॅपिड फायरच्या सर्वांत कठीण सिरीजमध्ये ४ सेकंदांत पाच टार्गेटवर एकेक असे पाच शॉट मारायचे असतात. पिस्तूल दर शॉटनंतर जागेवर परतलं नाही तर ते शक्यच नाही.

.२२ च्या अडचणी मात्र नीट समजून घ्या.

*रिमफायर असल्यामुळे मिसफायर होतात.* प्रायमरचं रसायन केसच्या कडेत, गोल फिरवून बसवलेलं असतं. कडेच्या एखाद्या भागात ते कमी पडलं आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आदळली की शॉट सुटत नाही. चांगल्या मॅच राउंडमध्ये हे क्वचित होतं, स्वस्तात वारंवार. आयएसएसएफच्या मॅचमध्ये असं झालं तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेनंच धरून, पकड न सोडता, मोकळा हात वर करा. रेंज ऑफिसर यायच्या आत स्लाइड मागे ओढली तर तो बिघाड तुमच्या खात्यावर जातो आणि सिरीज पुन्हा मिळत नाही. सरावात नळी टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि मगच राउंड बाहेर काढा.

*वेग.* मॅच पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटी राउंडसाठी जुळवलेली असतात, म्हणजे खोक्यावर साधारण १०७० फूट प्रति सेकंदाच्या आसपास आकडा असलेले. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेले राउंड हलक्या स्लाइडला जोरात मागे आदळवतात; बफर झिजतो, कालांतरानं फ्रेमवर ताण येतो. शिवाय आवाजाच्या वेगाच्या वरखाली होणाऱ्या बुलेटची अचूकता डळमळते. याच्या उलट, मोठ्या पिस्तुलावर .२२ ची कन्व्हर्जन किट बसवली असेल तर स्टँडर्ड राउंडनं जड स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि केस अडकते. पिस्तुलाच्या पुस्तिकेत कुठला वेग सांगितलाय ते पाहूनच राउंड घ्या.

*मेण आणि काजळी.* .२२ च्या बुलेटवर मेणासारखं वंगण असतं. ते आणि जळलेली पावडर मिळून चेंबरच्या (नळीत राउंड बसतो त्या जागेच्या) तोंडाशी थर जमतो. राउंड पूर्ण आत जाईनासा झाला की आधी मॅगझिनला दोष देऊ नका, चेंबर पुसून पाहा. दर ५०० राउंडनंतर चेंबर, ब्रीचचा (नळीच्या मागच्या टोकाचा) चेहरा आणि एक्सट्रॅक्टरची (केस ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच साफ केली तर बहुतेक अडथळे थांबतात. नळी आतून घासायची गरज त्या मानानं फार कमी वेळा पडते. घासायचीच तर ब्रीचच्या बाजूनं, कारण नळीच्या तोंडाला ओरखडा गेला की अचूकता गेली.

*ड्राय फायर.* रिमफायर पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबला तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पडू शकते. पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय आहे का ते तपासा, नसेल तर प्लास्टिकचा प्लग वापरा.

आणि नळीवर नेमकं '.२२ एलआर' कोरलंय याची खात्री करा. .२२ मॅग्नम हा वेगळाच राउंड आहे. तो एलआरच्या चेंबरमध्ये बसत नाही, आणि एलआर मॅग्नमच्या चेंबरमध्ये झाडणं धोक्याचं आहे.

६. सेंटर फायर: .३२ घ्यायचं की .३८

सेंटर फायरमध्ये ३० प्रिसिजन आणि ३० रॅपिड शॉट असतात. रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद लपतं, आणि दर वेळी एकच शॉट मारायचा असतो. म्हणजे धक्क्यातून सावरायला भरपूर वेळ मिळतो. तरीही बहुतेक स्पर्धक .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर वापरतात, आणि त्याचं कारण वर सांगितलेला फ्लिंच. ६० शॉटच्या शेवटच्या वीसमध्ये .३८ चा जास्तीचा धक्का अंगावर येतो.

मोठ्या भोकाचा फायदा मिळेल म्हणून काही जण .३८ कडे वळतात. तो हिशोब इथे चुकतो. आयएसएसएफच्या सेंटर फायरमध्ये संशयित शॉट तपासायला सगळ्या कॅलिबरसाठी ९.६५ मिमीचा एकच गेज (भोकात घालायचं मापक) लावतात. तुमची .३२ ची बुलेट सुमारे ७.९ मिमीची असली तरी गुण .३८ सारखेच मोजले जातात.

बुल्सआयमध्ये गोष्ट वेगळी. तिथे भोकाची कड रेषेला टेकली की वरचा गुण, आणि गेज त्या त्या कॅलिबरचा. .४५ ची बुलेट सुमारे ११.५ मिमीची, .२२ ची सुमारे ५.६. म्हणजे .४५ च्या भोकाची कड मध्याच्या दिशेनं जवळपास ३ मिमी आणखी आत पोचते. सीमेवरच्या शॉटना त्याचा फायदा होतो. मात्र .४५ च्या धक्क्यामुळे जमाव (टार्गेटवरच्या भोकांचा समूह) ३ मिमीपेक्षा जास्त पसरला तर तो फायदा पुसला जातो.

.३२ च्या बाजूनं आणखी एक मुद्दा आहे. अनेक मॅच पिस्तुलं एकाच रचनेत दोन्ही कॅलिबरमध्ये येतात. पार्दिनीची एसपी .२२ मध्ये तर एचपी .३२ मध्ये, वॉल्थरची जीएसपी .२२ मध्ये तर जीएसपी-सी .३२ मध्ये. मूठ, तिचा कोन, साइट्स आणि ट्रिगर जवळपास सारखे, त्यामुळे .२२ वरचा सराव सरळ .३२ मध्ये उतरतो.

.३२ घेण्याआधी राउंड कुठून मिळणार हे पक्कं करा. वॅडकटर सगळीकडे मिळत नाहीत आणि .२२ पेक्षा बरेच महाग असतात. इथे दोन सापळे आहेत:

- .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि .३२ एसीपी (७.६५ मिमी ब्राउनिंग) हे वेगळे राउंड आहेत. नुसतं '.३२' असं सांगून राउंड मागवू नका.
- मॅच पिस्तुलाचं मॅगझिन केसच्या तोंडाशी सपाट बसवलेल्या वॅडकटरसाठी बनवलेलं असतं. गोल नाकाची बुलेट असलेला राउंड त्यात लांबीलाच बसत नाही.

सेंटर फायरचे वॅडकटर हलक्या भाराचे असतात, त्यामुळे एक धोका कायम लक्षात ठेवा. शॉटचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही किंवा टार्गेटवर भोक दिसलं नाही, तर तिथेच थांबा. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. पुढचा शॉट मारला तर नळी फुगते किंवा फुटते. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार दिसतंय का ते तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, मॅच चालू असली तरी.

७. प्रॅक्टिकल नेमबाजी: ९ मिमी, .४० की आणखी काही

इथे कॅलिबर डिव्हिजनवरून, म्हणजे पिस्तुलांच्या गटावरून, ठरतं. राउंडच्या ताकदीचे दोन दर्जे असतात: मायनर (कमी) आणि मेजर (जास्त). आयपीएससीच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये सगळ्यांना मायनर गुण मिळतात आणि पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो. स्टँडर्ड डिव्हिजनमध्ये मेजर हवा असेल तर किमान १७० पॉवर फॅक्टर आणि किमान १० मिमीची बुलेट, म्हणजे .४०. ओपनमध्ये मेजर १६० ला मिळतो आणि तिथे ९ मिमी किंवा .३८ सुपरनंही तो गाठता येतो. यूएसपीएसएमध्ये मेजरची रेषा १६५ आहे. दोन्ही संस्थांचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

मेजर आणि मायनर यांतला फरक गुणांत दिसतो. ए, सी, डी हे टार्गेटचे मधून बाहेर जाणारे भाग. ए झोनला दोघांना ५. सी झोनला मेजरला ४, मायनरला ३. डी झोनला मेजरला २, मायनरला १. स्टेजचा (मॅचमधल्या एका फेरीचा) निकाल म्हणजे गुण भागिले वेळ.

एक स्टेज घ्या: २४ शॉट, त्यांपैकी १८ ए, ५ सी, १ डी. मेजरला ९० + २० + २ = ११२ गुण, मायनरला ९० + १५ + १ = १०६. मेजरवाल्यानं १४ सेकंद घेतले तर त्याचा निकाल ८.०. मायनरवाल्याला बरोबरी करायला १३.२५ सेकंद पुरतात. म्हणजे ९ मिमीच्या कमी धक्क्यामुळे पाऊण सेकंद वाचत असेल तर दोघे एकाच जागी. आणि ए झोनची संख्या वाढत गेली की मेजरचा फायदा आणखी आक्रसतो.

माझं मत सरळ आहे: प्रॅक्टिकलमध्ये नव्यानं येणाऱ्यानं ९×१९ घ्यावं आणि प्रॉडक्शनसारख्या मायनर डिव्हिजनमध्ये खेळावं. सेंटर फायर राउंडमध्ये तोच सर्वांत सहज मिळतो, मॅगझिनमध्ये .४० पेक्षा जास्त मावतो, आणि सुटे भागही मिळतात.

राउंड निवडताना १२५ ची रेषा जेमतेम गाठू नका. १२४ ग्रेन × १००० म्हणजे १२४. नापास, आणि मायनरही गाठता आला नाही तर तुमचे गुण धरलेच जात नाहीत. निकाल काढताना दशांश सोडून देतात, त्यामुळे १२४.९ म्हणजे १२५ नव्हे. शिवाय खोक्यावरचा वेग कंपनीच्या चाचणी नळीतला असतो. तुमची नळी आखूड असेल तर वेग कमी भरेल. स्वतःच्या पिस्तुलातून क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) किमान १० राउंड झाडून सरासरी १२९ ते १३२ मध्ये येते का पाहा. १४७ ग्रेन × ८८० नं १२९ भरतो आणि अनेकांना जड, सावकाश बुलेटचा धक्का मवाळ वाटतो. पण वेग फारच खाली आणलात तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही. स्लाइड अडखळायला लागली की रिकॉइल स्प्रिंग एक पायरी हलकी लावून पाहावी लागते.

नावांबाबत इथेही तोच सापळा. ९×१९, ९×१८ मकारॉव्ह आणि ९×१७ (.३८० एसीपी) हे तीन वेगळे राउंड आहेत. मकारॉव्हची बुलेट तर व्यासानंही मोठी, सुमारे ९.२७ मिमी. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि राउंडच्या तळावरचा शिक्का जुळले तरच भरा.

८. महिन्याच्या राउंडचा हिशोब मांडा

आठवड्यातून दोन वेळा रेंजवर जाऊन दर वेळी ७० शॉट मारले तर महिन्याला ५६० होतात. नियमित स्पर्धकासाठी हा आकडा कमीच आहे. तुमच्या निवडलेल्या कॅलिबरमध्ये एवढे राउंड परवडतात का, आणि सलग सहा महिने मिळतात का? उत्तर 'नाही' असेल तर कॅलिबर बदला किंवा प्रकार बदला. महागड्या कॅलिबरचं पिस्तूल कपाटात ठेवून महिन्याला ८० शॉट मारणारा नेमबाज, एअर पिस्टलवर दर महिन्याला हजार शॉट मारणाऱ्याच्या जवळही पोचत नाही.

रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या केसमधून राउंड पुन्हा भरणं, हा सेंटर फायरमधला मार्ग आहे (.२२ चे राउंड पुन्हा भरता येत नाहीत). पण प्रेस, डाय, अचूक तराजू, कॅलिपर, क्रोनोग्राफ आणि प्रकाशित लोड तक्ते इतकं सगळं लागतं. काही ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र परवानगीही लागते. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

९. विकत घेण्याआधी चाचणी घ्या

त्याच कॅलिबरचं पिस्तूल क्लबमध्ये कुणाकडे असेल तर त्यांच्या देखरेखीखाली सलग ६० शॉट मारून पाहा. पाच शॉटमध्ये काहीच कळत नाही. शेवटच्या वीसमध्ये जमाव पसरतोय का, मनगट दुखतंय का, ट्रिगर दाबताना डोळे मिटतायत का, हे पाहायचं.

मग राउंडची लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) चाचणी:

१. तीन-चार ब्रँडचे किंवा वेगवेगळ्या लॉटचे एकेक खोके (५० राउंड) घ्या. .२२ साठी एली, एसके, लापुआ, आरडब्ल्यूएस ही नेहमीची नावं.
२. पिस्तूल रेस्टवर ठेवा. प्रत्येक लॉटचे पहिले १० राउंड मोजू नका; आधीच्या वंगणाचा थर निघून नव्याचा बसायला ते लागतात.
३. २५ मीटरवर दहा-दहा शॉटचे तीन गट मारा. प्रत्येक गटात सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा, तिन्हींची सरासरी काढा.
४. अडकलेले राउंड आणि मिसफायर वेगळे नोंदवा.

प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं. राउंडचा स्वतःचा पसारा २५ मिमीच्या आत आला की पुरे. दोन-तीन मिमीसाठी दुप्पट महाग लॉट घेऊ नका. तुमच्या हाताचा डोल त्याहून कितीतरी मोठा आहे. मात्र एकदाही अडकलेला लॉट बाद करा, गट कितीही घट्ट असला तरी. पसंत पडलेल्या लॉटचा क्रमांक लिहून ठेवा आणि हंगामाला पुरतील इतके राउंड त्याच लॉटचे घ्या.

१०. कागदपत्रं आणि साहित्य

नियम देशागणिक बदलतात, पण साधारण हे लागतं:

- क्लबचं किंवा महासंघाचं सदस्यत्व आणि नेमबाज म्हणून नोंदणी.
- शस्त्र परवाना. त्यावर कॅलिबर नोंदवायचं असेल तर पिस्तुलाच्या नळीवर आहे तसंच पूर्ण नाव लिहून घ्या. '.३२' एवढंच लिहिलं असेल तर राउंड घेताना अडचण येते. कॅलिबर बदललं की परवान्यातही बदल करावा लागू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी विचारा.
- एअर पिस्टलला परवाना लागतो का, हे वेगळं तपासा. काही ठिकाणी लागतो, काही ठिकाणी नाही.
- खरेदीची पावती, पिस्तुलाचा अनुक्रमांक, राउंड साठवण्याची कमाल मर्यादा.
- परगावी किंवा परदेशी स्पर्धेसाठी वाहतुकीची परवानगी. विमानकंपन्या राउंडच्या वजनावर मर्यादा घालतात, आणि सेंटर फायरचे राउंड जड असल्यामुळे ती लवकर गाठली जाते.

साहित्यात कानाचं संरक्षण (.२२ साठीही), नेमबाजीचा चष्मा, त्या कॅलिबरच्या चेंबरमध्ये बसणारा सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण), ट्रिगरचं वजन तपासायला वजनं, कॅलिबरनुसार ब्रश आणि पॅचेस, कुलुपाची पेटी. किमान दोन मॅगझिन ठेवा आणि त्यांना क्रमांक द्या, म्हणजे वारंवार अडकणारं मॅगझिन कुठलं ते कळतं. .२२ च्या प्रायमरमध्ये आणि बुलेटमध्ये शिसं असतं. रेंजवरून निघताना साबण आणि थंड पाण्यानं हात धुवा, त्याआधी काही खाऊ नका.

पिस्तूल हातात आल्यावर पहिले ५०० राउंड वहीत नोंदवत जा: तारीख, लॉट, मॅगझिनचा क्रमांक, अडथळ्याचा प्रकार. केस बाहेर न पडता उभी अडकली तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, म्हणजे राउंड अशक्त किंवा स्प्रिंग जड. राउंड चेंबरमध्ये अर्धवट राहिला तर चेंबर घाण किंवा मॅगझिनचे ओठ वाकलेले. प्रायमरवर फायरिंग पिनचा हलका ठसा असेल तर मेन स्प्रिंग थकलेली किंवा पिनच्या वाटेत मळ. ही वही घेऊन शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलात तर त्याला दोष शोधायला फार वेळ लागत नाही.